स्वस्तिकाचा चौथा हात

“आप्पा, स्वस्तिकाचा चौथा हात कुठं गेला?”

नमस्कार नाही, नाव सांगणं नाही, मी दारातूनच प्रश्न फेकला. काय करणार, सांगलीपासून एसटीत तोच घोकत आले होते. आत चटईवर बसून एक म्हातारे गृहस्थ लाकडी मोराला पॉलिश पेपरनं घासत होते. त्यांनी चष्म्यावरून आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे.

“आदी चप्पल काडा की, बाई. हात मग हुडकू.”

ही १९९१ च्या चैत्रातली गोष्ट. येसूआप्पा सुतार म्हणजे कोल्हापूरच्या स्टुडिओंत तीस वर्षं चित्रपटांचं सामान बनवणारा माणूस. पडद्यावरचे देव, देव्हारे, पाळणे, तलवारी, सगळं त्यांच्या हातचं. आणि मी नीलाक्षी गद्रे, वय सत्तावीस, डोक्यात वारं शिरलेली. मराठी चित्रपटांतली गूढ धार्मिक चिन्हं हा माझा विषय. दीड वर्ष व्हिडिओ कॅसेटी लावून, थांबवून, मागे घेऊन मी बावीस जुने चित्रपट पाहिले होते आणि त्यात मला घबाड सापडलं होतं. स्वस्तिक दिसलं की त्याला हात तीन. कलशात आंब्याची पानं चार. देवीच्या एका डोळ्यात बाहुलीच नाही. ‘अघोर दरी’ नावाच्या चित्रपटात मांत्रिकाच्या यंत्राला नवाऐवजी आठ त्रिकोण. एकदा झालं तर चूक म्हणू, पण एकवीस चित्रपटांत? मी शोध लावला होता की आपल्या दिग्दर्शकांमध्ये एक गुप्त पंथ होता. त्याला ‘अपूर्णाची उपासना’ असं नावसुद्धा देऊन ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कोल्हापुरातच यावर माझं व्याख्यान होतं. एका न्यासाची दोन वर्षांची संशोधनवृत्ती त्यावरून ठरणार होती. मिळाली तर दोन वर्षं हाच आनंद. नाही मिळाली तर बाबांनी बघून ठेवलेली बँकेतली खुर्ची. न्यासाचे अध्यक्ष प्राध्यापक खांडके माझ्या पंथावर जाम खूश होते. फक्त म्हणाले होते, “येसूआप्पांना एकदा विचारून या. उद्या कुणी शंका काढायला नको.”

म्हणून मी चप्पल काढून चटईवर बसले, वही उघडली आणि एका दमात सगळं सांगितलं. आप्पांनी मोर खाली ठेवला. ऐकता ऐकता त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याला उबळ आली. ते हसत होते.

“हौसा, अगं ऐकलंस का?” त्यांनी आत हाक दिली. “आमचा पंत निगालाय!”

“पंथ नाही?” मी विचारलं.

“ऐका. आमचे वस्ताद गणूमिस्त्री. त्येंच्या टायमाला एका पिक्चरला देवी केली हुती. रंगवली, डोळं काडलं, शालू नेसवला. अशी देवी की लाइटवालं बी पाया पडायचं. सीन झाला, पॅकअप झालं, आणि देवी गेली गोदामात. तितं घुशी, वरनं पाणी गळतंय. वस्तादांना झोप लागंना. म्हणाले, येसू, आपण तिला डोळं दिलं, बोलावून घेतली आणि आता उपाशी ठेवलीया. गोदामात निवद कोण दावणार?”

“मग?”

“मग नेम केला. पडद्यावरचं देवाचं काम पुरतं करायचं न्हाई. एका डोळ्याला बाहुली न्हाई, पानं चारच, स्वस्तिकाला हात तीन. आपण गालबोट लावतो न्हवं? तसंच. जागा अपुरी दिसली की देव समजून घेतो, हे नाटक हाय, जायाचं न्हाई. आणि लग्नाच्या सीनला तर डोळ्यात तेल घालून बगायचं. हिरो कुणाचा तरी नवरा, हिरोईन कुणाची तरी बायको. खरंच लागून गेलं तर निस्तरायचं कुणी?”

दीड वर्षाचा माझा गुप्त पंथ असा पाच मिनिटांत घुशींच्या गोदामात जाऊन पडला. खरं सांगते, मला रडू यायला हवं होतं. पण अंगावर काटा आला होता. मी भराभर लिहीत सुटले आणि लिहिता लिहिता थांबले, कारण बावीसमधून एकवीस गेले तरी एक उरत होता.

“आणि ‘चंद्रावळीचा चुडा’? त्रेसष्टचा? त्यातल्या लग्नात स्वस्तिकाला चार हात आहेत. कलशात पाच पानं. मी तीस वेळा मोजलीत.”

आप्पांनी मोर पुन्हा उचलला.

“इसरलो असंन.”

“तुम्ही? एकवीस चित्रपट विसरला नाहीत, आणि...”

“माणूस हाय, बाई. इसरतो.”

आतून एक बाई चहाच्या कपबशा घेऊन आल्या. साठीच्या आतबाहेर, ठसठशीत कुंकू, चापूनचोपून नेसलेलं लुगडं. या हौसाकाकी. त्यांनी कप माझ्यापुढे धरला तेव्हा मनगटावर गोंदलेला मोठा हिरवा विंचू दिसला. विंचू म्हणजे माझ्या तोंडाला पाणीच. वृश्चिक, कुंडलिनी, काय काय वाचलं होतं त्यावर.

“काकी, हा विंचू कशाचं चिन्ह?”

“चिन्न कसलं? ल्हानपणी चावला हुता. आजी म्हणाली, गोंदून घे, परत न्हाई चावणार.” मग आप्पांकडे पाहून त्या म्हणाल्या, “इसरलो म्हणं!” आणि कशाला कोण जाणे, तोंडाला पदर लावून आत गेल्या. आप्पांची करवतीत पेर गमावलेली डावी करंगळी मोराच्या तुऱ्यावरून उगाच फिरत राहिली.

मी निघाले तर ओट्याशी शेजारच्या बाई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उभ्या. गल्लीत आमंत्रण करत हिंडत होत्या, नाव सरनाईकवहिनी.

“पावण्या का? या की सांजंला, गौर बसवलीया.” मला कुंकू लावलं, ओंजळीत भिजवलेले हरभरे घातले. मीही माझ्या स्वभावाप्रमाणे त्यांना उद्याच्या व्याख्यानाचं आमंत्रण देऊन टाकलं. फुकट सिनेमाचं एक रीळ बघायला मिळेल म्हटल्यावर त्या लगेच कबूल झाल्या. हौसाकाकी दारातच पदराला हात पुशीत उभ्या होत्या. वहिनींनी करंड्याचं झाकण लावलं आणि पुढच्या घराची कडी वाजवली.

मी, यंत्रातले त्रिकोण मोजणारी हुशार बाई, हरभरे खात स्टँडकडे गेले. मला त्यात काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला सभागृहात पोचले तर आप्पा आधीच हजर. न्यासानं त्यांना व्यासपीठापुढे रांगोळी काढायला बोलावलं होतं. गुडघा धरून बसले होते, समोर कमळं, मोर, मधोमध भलंमोठं स्वस्तिक. मी मोजलं. हात तीन.

“आप्पा, इथंसुद्धा?”

“भाषण म्हंजे बी नाटकच की,” ते म्हणाले आणि हात झाडून तिसऱ्या रांगेत हौसाकाकींशेजारी जाऊन बसले.

प्राध्यापक खांडके माझ्या कानाशी वाकले. “त्या बाईंनाही आणलंय वाटतं. त्यांचं लग्न वगैरे काही झालेलं नाही, बरं का. जोगतीण ती. लहानपणीच देवीला सोडलेली. असल्यांचं लग्न कोण लावणार? अठ्ठावीस वर्षं आप्पांकडे राहतात तशाच. गल्लीत कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही.” मग आवाज बदलून म्हणाले, “ते जाऊ द्या. पंथ जोरात मांडा. लोकांना गूढ लागतं.”

कालचे हरभरे मला तेव्हा घशाशी आले.

समई लागली, हार झाले, मी उभी राहिले. पंथाचे सोळा कागद हातात होते. ते मी टेबलावर पालथे घातले. समोर आप्पा बसलेले असताना खोटं बोलायला जीभच रेटेना. मी गणूमिस्त्रींची देवी सांगितली, घुशी सांगितल्या, चार पानं सांगितली. लोक हसले, टाळ्या पडल्या, मला चेव चढला. खांडक्यांचा चेहरा मात्र उतरत चालला.

“छान,” ते मध्येच म्हणाले. “म्हणजे गुप्त पंथ नाही. मग तुमच्या संशोधनात उरलं काय, गद्रेबाई?”

“एक उरलंय, सर!” मी जवळजवळ ओरडलेच. “एकवीस वेळा ज्यानं खोट ठेवली, त्यानं बाविसाव्या वेळी का ठेवली नाही? बघा!”

दिवे गेले. न्यासाच्या संग्रहातलं ‘चंद्रावळीचा चुडा’चं सातवं रीळ सुरू झालं. घरच्या टीव्हीवर मी हा प्रसंग तीस वेळा पाहिला होता, पण तिथं सगळं धुरकट, कडा कापलेल्या. इथं भिंतीएवढा पडदा आणि खरी फिल्म. अंतरपाट, त्यावर स्वस्तिक. मी काठीनं दाखवत गेले, “एक, दोन, तीन, चार!” सगळं सभागृह माझ्याबरोबर मोजत होतं. “पानं पाच!” मंगलाष्टकं सुरू झाली. मग मंगळसूत्राचा क्लोजअप. वधूची पाठमोरी मान. ती हातानं मानेवरचे केस बाजूला घेते.

त्या हातावर विंचू होता.

टीव्हीवर तो मला बांगडीची सावली वाटला होता. मागून वराचे हात आले, मंगळसूत्राचा फासा अडकवायला लागले. डाव्या करंगळीला एक पेर कमी होतं. फासा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला.

माझ्या हातातली काठी खाली गेली. ते हात नायकाचे नव्हते, ती मान नायिकेची नव्हती. आप्पा विसरले नव्हते. त्यांनी ते स्वस्तिक मुद्दाम पुरं काढलं होतं.

दिवे लागले.

“बोला!” खांडके म्हणाले. “या एकाच चित्रपटात खोट का नाही? सांगितलंत तर वृत्ती तुमची, जाहीर करतो इथंच.”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. असं उत्तर की उद्याच्या वर्तमानपत्रात आलं असतं. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आप्पांनी मान खाली घातली होती, दोन्ही हात गुडघ्यांखाली दडपले होते. पाच घरांची गल्ली ज्यांना हळदीकुंकवालाही बोलावत नव्हती, त्यांचं गुपित मी तीनशे माणसांत फोडायचं? कुणाला विचारून?

“मला माहीत नाही, सर,” मी म्हणाले.

सभागृहात चुळबुळ झाली. खांडक्यांनी पेनाचं टोपण लावलं. बँकेतली खुर्ची मला स्पष्ट दिसली, उशीसकट.

“ठाव हाय तिला!”

हौसाकाकी उभ्या राहिल्या होत्या. आप्पा त्यांचा पदर ओढत होते. “हौसा, खाली बस. आण हाय.”

“आण तुमी घेतलीया. मी न्हाई!” त्या माझ्याकडे वळल्या. “पोरीला कळलंय. माझ्यापायी गप बसली. त्यो हात माझा हाय. ह्यो बगा.” त्यांनी मनगट वर धरलं, अगदी दिव्याखाली. “आणि बांधणारा हात ह्येंचा. करंगळी दावा, आप्पा.”

आप्पांनी काही करंगळी दाखवली नाही. पण तीनशे माना त्यांच्याकडे वळल्या होत्या.

“मी नट्यांचे अंबाडे बांधायची,” हौसाकाकी सांगू लागल्या. आवाज ठणठणीत. “पाच वर्साची असताना देवीला सोडली मला. गळ्यात मोत्यांचं दर्शन, म्हंजे देवीच्या नावाची माळ. ह्येंनी कितीदा इचारलं, पर लगीन लावायला भटजी कुटला? चार गावं पालथी घातली. मग ह्यो पिक्चर आला. हिरोईनच्या आईनं हट्ट धरला, पोरीच्या गळ्यात नुसतं खोटं मंगळसूत्र बी परपुरुषानं बांदायचं न्हाई. स्टुडिओचे मालक म्हणाले, मान आणि हात दुसऱ्या कुणाचे घ्या. मग ह्ये म्हणाले, मी बसतो आणि हौसा बसंल. आणि भटजी खरा आणला! त्याला वाटलं, शूटिंग हाय. ह्येंनी सांगितलं, डायरेक्टरला समदं खरं पायजे, एक मंत्र गाळू नगा. न्हाई गाळला. सात पावलं बी चाललो. ती मालकांनी कापली.”

सभागृह हसत होतं आणि डोळेही पुसत होतं.

“मग आजवर सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“मालकांना कळलं शेवटी. म्हणाले, नवरीच्या जागी जोगतीण बसवली ह्ये लोकांत गेलं तर पिक्चर बंद पाडतील, चाळीस घरांची चूल इझंल. ह्येंना अंबाबाईची आण घातली. आता मालक गेले, ती हिरोईन गेली, पर ह्येंची आण काय जात न्हाई. असला माणूस. आणि मी कुणाला सांगू? दावायला काय हुतं माझ्याकडं? पिक्चर कुटं डब्यात पडला हुता. आज ह्या पोरीनं दावला.” त्या थांबल्या. “आणि आजवर मला कुणी इचारलंच न्हाई, बगा. समद्यांनी ठरवूनच टाकलं हुतं.”

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई कुणाच्या पायांवर पाय देत पुढे आली. सरनाईकवहिनी. चेहरा पांढराफटक.

“चंद्रावळीचा चुडा...” त्या म्हणाल्या. “बारा वर्साची हुते मी. जत्रेत तंबूत बगितला. ह्या मंगलाष्टकाला आमी बायकांनी पडद्यावर तांदूळ टाकलं हुतं. समद्याच टाकायच्या. मी तर फ्रॉकच्या खिशात घेऊन गेलते.”

हौसाकाकींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मग त्यांचं सगळं तोंड फुललं.

“मग तू माज्या लग्नाला हुतीस की गं!”

वहिनी वळल्या. समईशेजारी उद्घाटनाचं तबक होतं. त्यांनी ते उचललं, हौसाकाकींच्या कपाळावर हळद लावली, कुंकू लावलं आणि तबकातल्या मूठभर अक्षता थेट डोक्यावर टाकल्या. मग काय विचारता! बायका उठल्या, पुरुष उठले. तबकातले तांदूळ संपले तशी कुणी हारांच्या पाकळ्या तोडल्या. ऑपरेटरनं आपल्या खोलीतून ओरडून विचारलं, “परत लावू का?” आणि तीनशे माणसं म्हणाली, “लावा!”

ती वृत्ती मला मिळाली नाही, हे इथंच सांगून टाकते. ती गूढ चिन्हांसाठी होती आणि खांडक्यांच्या मते यात गूढ असं काही उरलं नव्हतं. मी बँकेत लागले, सुट्टीच्या दिवशी चित्रपट बघून लिहीत राहिले, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

पण त्या सकाळी मी काही लिहीत नव्हते. पुन्हा मंगलाष्टकं सुरू झाली होती, सगळ्यांचे डोळे पडद्याकडे होते. मी एकटी खाली बघत होते. आप्पा खुर्चीतून उठले. भिंतीला धरून व्यासपीठापाशी आले, दुखरा गुडघा हळूहळू टेकला. रांगोळीच्या डब्यात हात घातला. पडद्यावर त्यांचेच तरुण हात फासा अडकवायला धडपडत होते. इथं मात्र हात जरासुद्धा हलला नाही. चिमटीतून पांढरी रेघ सुटली, सरळ गेली आणि कोपऱ्यात वळली.

मी मोजले. चार.